महिन्याचं बजेट आणि आमचं कपाशीचं घर

खर्चाचे ॲप बनवणाऱ्यांना बहुतेक सगळी दुनिया एक तारखेला पगार घेते असंच वाटत असावं. उघडलं की पहिला प्रश्न, महिन्याचं उत्पन्न किती? आता आमच्याकडे मिस्टरांचा पगार आहे जळगाव एमआयडीसीतला, तो येतो महिन्याला, पण चोपड्याकडे शेती पण आहे आणि तिचा पैसा दिवाळीनंतर कापूस विकला की येतो, तोही व्यापाऱ्याने वेळेवर चुकता केला तर. आणि जूनमध्ये बियाणं, खत, मजुरी सगळं एकदम अंगावर आलं की ॲप लाल होऊन बोंबलतं, बजेट ओलांडलं, बजेट ओलांडलं. अरे बाबा ओलांडणारच, पेरणी काय डिसेंबरात करू?

तरी मी वापरते, आणि तुम्हीही वापरा असंच म्हणेन. फक्त त्याच्या डोक्याने नाही, आपल्या डोक्याने.

पहिलं म्हणजे आपोआप नोंदी होतात ते बंद करा. त्यातले बरेच ॲप बँकेचे एसएमएस वाचून हिशोब लावतात, आणि त्याच इनबॉक्समध्ये आपले ओटीपी पण येतात, ते कोणाला कशाला वाचू द्यायचे? बरं वाचून तरी काय कळतं त्याला. किराणावाल्याचा क्यूआर पोराच्या नावावर, कृषी केंद्रवाल्याचा भावाच्या नावावर, म्हणजे युरियाची गोणी घेतली काय आणि साखर घेतली काय, ॲपच्या लेखी कोणालातरी पैसे पाठवले. मजुरीसाठी एटीएममधून रोकड काढली की तिथेच खर्च धरून मोकळं, पुढे त्यातले किती निंदणीला गेले आणि किती बाजारात, पत्ताच नाही.

आणि खरी गंमत पीक कर्जाची. मार्चअखेरला गावोगाव नवं-जुनं चालतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हातउसने घ्यायचे, कर्ज भरायचं, नवीन उचलायचं, उसने फेडायचे. कारण वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला व्याज शून्य टक्के पडतं, तारीख चुकली की सवलत गेली. याचं ॲपने काय केलं, तर मार्चमध्ये भयंकर खर्च, एप्रिलमध्ये भरघोस उत्पन्न, आणि खाली हिरव्या अक्षरात अभिनंदन, तुमची बचत वाढली! कर्ज काढलं त्याचं अभिनंदन!! आबांना म्हणजे सासऱ्यांना दाखवलं तर ते म्हणे, "बँकवाला बी इतला भोळा ऱ्हाता ते कितलं बरं व्हतं."

आता मी सगळं हाताने टाकते, रात्री भांडी आवरली की. त्यातले जिम, एन्टरटेनमेंट वगैरे कप्पे उडवले आणि आपले टाकले, मजुरी, खत-फवारणी, दवाखाना, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, कानबाईचा सण, आहेर. उसने आणि कर्ज यांचा कप्पाच वेगळा, ते ना खर्चात ना उत्पन्नात. आखाजीला वेगळा कप्पा बघून मिस्टर हसले होते, पण हिशोब करून बघा ना, नणंदा येतात, पोरं येतात, आमरस, खापरावरचे मांडे, जाताना साड्या, आणि नेमकं तेव्हाच सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवीन साल ठरतं, त्याला उचल द्यावी लागते. हा महिन्याचा खर्च नाहीच, वर्षाचा आहे. मागच्या वर्षी जेवढा झाला त्याचे बारा भाग करायचे आणि पगारातून दर महिन्याला एक भाग बाजूला. माझ्या मते बजेट म्हणजे एवढंच, बाकी ते गोल रंगीत चार्ट बघायला छान असतात.

आहेराचा कप्पा ठेवलाय, पण तो तर मी म्हणते खर्चात धरूच नका. आलेला आहेर फेडायचाय, दिलेला कधीतरी परत येणार. नावाने नोंद ठेवली की एप्रिल-मे मध्ये पत्रिकांचा गठ्ठा आला तरी कोणाला किती द्यायचे यावर घरात वाद होत नाही (कमी होतात, एवढंच 😄).

अजून एक, महिन्याला डेटा एक्सेलमध्ये काढून ठेवत जा. अमेरिकेतलं मिंट एवढं नावाजलेलं ॲप, तेही 2024 मध्ये बंद झालं. आबांची लाल वही कपाटात आहे, ती कोणी बंद करू शकत नाही, म्हणून आपलीही एक कॉपी आपल्याकडे पाहिजे.

आता मला असं ॲप पाहिजे ज्यात वर्ष आखाजीपासून सुरू करता येईल आणि उसनवारी नावानिशी लिहिता येईल, मराठीत असलं तर फारच बरं. पैसे लागले तरी चालतील, पण एसएमएस वाचायला मागणारं आणि मधेच लोन पाहिजे का विचारणारं नको. कोणी वापरत असेल तर सांगा.