बॅरी सँडर्सची निवृत्ती: गुडघ्याची गोष्ट खोटी

'गुडघा निकामी झाला म्हणून बॅरी सँडर्सने अमेरिकन फुटबॉल सोडला,' असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळताना १९८८ मध्ये हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेला हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक संघाकडून दहा हंगाम खेळला आणि प्रत्येक हंगामात चेंडू घेऊन हजार यार्डांहून जास्त धावला. शेवटच्या, १९९८ च्या हंगामातही सोळाच्या सोळा सामने, १,४९१ यार्ड. दुखऱ्या गुडघ्याने हे जमतं होय?

जुलै १९९९ मध्ये, ३१ व्या वर्षी, त्याने विचिटातल्या, म्हणजे आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. कारकिर्दीत सर्वाधिक धावण्याचा, रनिंग बॅक वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा विक्रम तेव्हा त्याच्यापासून फक्त १,४५७ यार्ड दूर होता. सतत हरणाऱ्या संघाला तो विटला होता. हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.