"काकू, थोडं फेअर केलंय, बघा"

आज भाचीला घेऊन फोटो स्टुडिओत गेले होते. स्थळं बघायला सुरुवात झालीय, बायोडेटाला फोटो हवा. पोरगा पंचविशीचा, हात झरझर चालतो. दहा मिनिटांत स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "काकू, थोडं फेअर केलंय, बघा."

तुला कुणी सांगितलं होतं रे बाबा? चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा, आणि मांडीवर ठेवलेले हात मात्र तिचेच, चांगले काळेसावळे. तोंड एकीचं, हात दुसरीचे. हनुवटीवरचा तीळ गायब. अरे, तो तीळ माझ्या आईचा आहे!

घरी येऊन भांडी तशीच ठेवली आणि क्वामे ब्रॅथवेटचे फोटो काढून बसले. न्यूयॉर्कचा हा काळा फोटोग्राफर. त्याने, त्याच्या भावाने आणि मित्रमंडळींनी २८ जानेवारी १९६२ ला हार्लेम या तिथल्या काळ्यांच्या वस्तीतल्या पर्पल मॅनर क्लबात 'नॅचरली ६२' नावाचा फॅशन शो केला. तेव्हा तिथल्या काळ्या बायका गरम कंगव्याने केस सरळ करून घ्यायच्या, मासिकांतून गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती. आणि या शोमधल्या मुली, ग्रँडासा मॉडेल्स म्हणायचे त्यांना, आपले कुरळे केस तसेच मोकळे ठेवून, आफ्रिकी धर्तीचे कपडे घालून उभ्या. गर्दी एवढी की त्याच रात्री शो दुसऱ्यांदा करावा लागला म्हणे. 'ब्लॅक इज ब्युटिफुल' हे शब्द घरोघरी पोचले, त्यात या माणसाच्या कॅमेऱ्याचा मोठा वाटा.

मला सगळ्यात आवडतं ते त्याचं डार्करूममधलं काम. काळ्या कातडीची खोली, तिची झळाळी प्रिंटमध्ये उतरावी म्हणून त्याने स्वतःची पद्धत बसवली होती. कोडॅक रंगीत प्रिंट जुळवायला गोऱ्या बाईच्या फोटोचं 'शर्ली कार्ड' पाठवायची, तो तो काळ. म्हणजे मेहनत त्यानेही घेतली आणि आमच्या पोरानेही. त्याने रंग राखायला घेतली, याने पुसायला.

मान्य, पोरगा पोटासाठी करतो, गिऱ्हाईकच तसं मागतं. आणि ब्रॅथवेटच्या मुलीही देखण्याच होत्या, फॅशनच ती शेवटी. बरं.

पण मग चीड कुणावर काढायची? विठोबाचं उदाहरण देत नाही, ते सगळेच देतात आणि घरी येऊन गोरी सून शोधतात. अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव इकडे पोचलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ही 'ब्लॅक इज ब्युटिफुल'ची गोष्ट मात्र आमच्या गावातल्या स्टुडिओचा जिना अजून चढलेली नाही. आणि स्टुडिओचं काय घेऊन बसलेय, आमच्या ताईनेच बायोडेटात लिहिलंय, "वर्ण: निमगोरा". सख्खी बहीण आहे, म्हणून इथे एवढंच.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. कारण सारखं आठवतंय ते वेगळंच. स्क्रीन वळली तेव्हा भाची काही बोलली नाही. नुसतं एक बोट हनुवटीवर गेलं, तीळ जागेवर आहे का बघावं तसं.

मी त्या पोराला म्हटलं, मूळचाच दे, हा काढून टाक. तो बिचारा निमूट काढायला लागला. तर हीच हळूच म्हणाली, "मावशी, दोन्ही राहू दे ना."

पैसे मी एकाच फोटोचे दिले. दुसऱ्याचे तिने दिले, स्वतःच्या पर्समधून.