‘खोल जा, इंजिन बंद करा, गप्प बसा’: पाणबुडीच्या खेळातील एका लाडक्या सल्ल्याचा प्रतिवाद

‘सायलेंट हंटर 3’ हा खेळ 2005 साली आला. तरी अटलांटिकमध्ये दुसऱ्या महायुद्धातील जर्मन यू-बोट (पाणबुडी) चालवण्याची हौस असलेले लोक तो आजही खेळतात, आणि 2024 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘यूबोट’ या खेळामुळे त्यांच्यात नव्यांची भर पडली आहे. पहिल्या दोन-चार मोहिमांतच विनाशिकेने बुडवले, की नव्या खेळाडूला एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा: “विनाशिका मागे लागली की दोनशे मीटर खाली जा, इंजिन बंद करा, सायलेंट रनिंग (आवाज कमीत कमी ठेवण्याची स्थिती) लावा आणि हलू नका. तुमचा आवाज नसेल तर ती तुम्हाला शोधू शकत नाही, पाण्याच्या थंड थराखाली तर मुळीच नाही. थोड्या वेळाने ती निघून जाते. खरे यू-बोटवालेही हेच करत.”

हा सल्ला इतका टिकला याचे कारण असे, की 1939 आणि 1940 सालच्या मोहिमांत तो बऱ्याचदा चालून जातो. 1942 नंतरच्या मोहिमांत मात्र तो पाळणारा खेळाडू तळाशी जातो आणि खेळाला ‘अशक्य’ ठरवून मोकळा होतो. म्हणून त्यातील एकेक विधान वेगळे काढून तपासणे आवश्यक आहे.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे विधान: “आवाज नसेल तर ती तुम्हाला शोधू शकत नाही.” विनाशिकेकडे पाण्याखालचे शोधण्याची दोन वेगळी साधने असतात, आणि या विधानाला त्यांपैकी एकच ठाऊक आहे. हायड्रोफोन फक्त ऐकतो. तुमच्या पंख्यांचा (प्रॉपेलरचा), पंपांचा, टॉर्पेडो भरण्याचा आवाज त्याला हवा असतो, आणि त्याच्यासमोर शांतता खरोखरच उपयोगी पडते. ब्रिटिश ज्याला ॲस्डिक म्हणत, ते साधन स्वतः ध्वनीचा ठोका पाण्यात सोडते आणि पोलादी अंगावरून परतणारा प्रतिध्वनी टिपते. तुम्ही गप्प आहात की आत बँड वाजवत आहात, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. खेळातही ही दोन साधने वेगवेगळीच धरलेली आहेत: संवेदकांच्या मांडणीच्या फाइलमध्ये हायड्रोफोनच्या विभागात तुमच्या आवाजाचा हिशेब आहे, तर सोनारच्या, म्हणजे ॲस्डिकच्या, विभागात समोर आलेल्या पृष्ठभागाचा. म्हणजे ठोक्याचा ‘पिंग’ ऐकू येऊ लागला, की प्रश्न आवाजाचा राहत नाही, आकाराचा होतो. सेव्हन-सी जातीची यू-बोट सुमारे 67 मीटर लांब आणि जेमतेम 6 मीटर रुंद होती. ती आडवी उभी राहिली तर ठोक्याला भिंत मिळते, नाक किंवा शेपूट समोर केली तर अरुंद फळी. सल्ला पाळून इंजिन बंद करणाऱ्याला ही दिशा बदलताच येत नाही, कारण पाण्याचा प्रवाह सुकाणूवरून गेल्याशिवाय पाणबुडी वळत नाही.

“हलू नका” याचा समाचार आकड्यांनी घेतलेला बरा. विनाशिका डेप्थ चार्ज (ठरवलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) टाकते ते तुमच्यावर नव्हे, तर तुम्ही जिथे असाल असा तिचा अंदाज आहे तिथे. ॲस्डिकचा झोत पुढच्या बाजूला आणि थोडा खाली जातो, त्यामुळे ती अगदी जवळ आली की तुम्ही झोताखालून निसटता आणि शेवटचे दोन-अडीचशे मीटर ती आंधळेपणाने कापते. 15 नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण 7.7 मीटर या वेगाने 250 मीटर कापायला तिला 32 सेकंद लागतात. पुढे ब्रिटिशांचा जुना मार्क 7 चार्ज सेकंदाला सुमारे 3 मीटर बुडे. 180 मीटर खोल जायला त्याला एक मिनिट लागणार. 1940 च्या अखेरीस त्याला वजन जोडण्यात आले आणि वेग 5 मीटरवर गेला, तरीही 35 सेकंद उरतातच. एकूण साधारण एक ते दीड मिनिट असे असते, की ज्यात तुम्ही कुठे गेलात हे वरच्या जहाजाला दिसत नाही. मार्क 7 ने पाणबुडीचे कवच फोडण्याचे अंतर सुमारे 6 मीटर मानले जाई, आणि तिला वर यायला भाग पाडण्याचे त्याच्या दुप्पट. दोन नॉटने सरकणारी बोटसुद्धा त्या दीड मिनिटात 90 मीटरच्या आसपास गेलेली असते. सहा नॉट गाठू शकलेली त्याच्या तिप्पट. थांबलेली बोट शून्य मीटर. शत्रूच्या नेमातील सर्वांत अवघड भाग, म्हणजे पुढचा अंदाज, तिने स्वतःहून सोडवून दिलेला असतो आणि त्याच्याकडे फक्त खोलीचा प्रश्न उरतो.

यातच योग्य डावपेचाचे बीज आहे. ठोके वेगाने जवळ येऊ लागले आणि विनाशिकेच्या पंख्यांचा आवाज चढला, की ती हल्ल्याच्या धावेवर आहे. ती डोक्यावर येण्याआधीच्या क्षणी पूर्ण वेग द्यावा, सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवावे आणि तिच्या शेपटीच्या दिशेने निघावे, कारण तिच्या स्वतःच्या पंख्यांनी घुसळलेल्या पाण्यामुळे मागच्या बाजूचे तिला नीट कळत नाही. चार्ज फुटू लागले की काही काळ समुद्रच इतका गोंगाटाचा होतो की तुमचा पूर्ण वेगही त्यात बुडून जातो. स्फोट थांबून ती वळायला लागली, की पुन्हा दोन नॉट आणि पुन्हा अरुंद बाजू तिच्याकडे. बॅटरी जपणे ओघाने आलेच: सेव्हन-सी पाण्याखाली 4 नॉटने सुमारे 80 सागरी मैल जाऊ शकत असे, पण 7.6 नॉट या कमाल वेगाने तीच बॅटरी थोड्याच वेळात रिकामी होते. म्हणून ही धाव मिनिटभराचीच असावी.

स्थिर राहण्यात आणखी एक अडचण आहे. मूळ ‘सायलेंट हंटर 3’ थांबलेल्या बोटीला एकाच खोलीवर टांगून ठेवू देतो. खऱ्या बोटीला ते क्वचितच साधे. ‘एनवायजीएम’सारख्या मॉडमध्ये, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या सुधारित आवृत्तीत, ही सवलत काढून टाकलेली आहे, आणि तिथे इंजिन बंद केलेली बोट हळूहळू खाली घसरते. मूळ खेळावर शिकलेला खेळाडू मॉड लावून तोच प्रयोग करतो आणि कवच चिरडल्यावर मॉडला दोष देतो, हा प्रकार मला नेहमीच गमतीदार वाटत आला आहे.

“दोनशे मीटर खाली जा” याला माझा निम्मा होकार आहे. खोलीमुळे वर मोजलेली सेकंदे वाढतात, आणि ॲस्डिकचा झोत अधिक लांबूनच सुटतो. पण खोली म्हणजे वेळ. ती ढाल नव्हे. सेव्हन-सीची चाचणीची खोली 230 मीटर होती आणि त्याखाली फार सोय नव्हती, त्यामुळे तिथे झालेले लहानसे नुकसानही मोठे ठरते: दोनशे मीटरवर पाणी वीस वातावरणांच्या दाबाने आत येते, पंप चालवावेत तर आवाज होतो, आणि सायलेंट रनिंग लावले असेल तर खेळात दुरुस्ती थांबलेली असते. शिवाय शत्रू एका जागी राहिला नाही. ब्रिटिशांच्या नव्या पिस्तुलांनी (चार्ज फोडणाऱ्या यंत्रणांनी) चार्ज 900 फुटांपर्यंत फुटू लागले, आणि 1943 मध्ये खोली मोजणारे 147 जातीचे ॲस्डिक आले. ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन वॉकर यांनी तर ‘सरपटता हल्ला’ प्रचारात आणला: एक जहाज दूर उभे राहून ठोक्यांनी तुम्हाला धरून ठेवते, आणि दुसरे, स्वतः ठोके न सोडता, सावकाश तुमच्या डोक्यावर आणले जाते. अशा वेळी धावेचा वाढता आवाज ऐकू येत नाही आणि पळण्याची खूणच मिळत नाही. अनेक एस्कॉर्ट (संरक्षक जहाजे) असलेल्या ताफ्यात एकच जहाज ठोके देत दूर थांबलेले दिसले, तर ते कच खात आहे असे समजू नये.

हेजहॉग या ब्रिटिश शस्त्राने तर वरचा दीड मिनिटांचा हिशेबच मोडला. 24 बॉम्ब जहाजाच्या पुढे फेकले जातात आणि ते आदळल्याशिवाय फुटत नाहीत. त्यामुळे संपर्क सुटत नाही, नेम चुकला तरी समुद्र गढूळत नाही आणि तुम्हाला स्फोटांच्या आडोशाने पळता येत नाही. ब्रिटिश नोंदींप्रमाणे डेप्थ चार्जच्या 5,174 हल्ल्यांत 85 पाणबुड्या बुडाल्या, हेजहॉगच्या 268 हल्ल्यांत 47. म्हणजे साठ हल्ल्यांमागे एक आणि सहा हल्ल्यांमागे एक. 12 ऑगस्ट 1944 रोजी सेशेल्सजवळ यू-198 बुडवणाऱ्या जोडीत ब्रिटिश ‘फिंडहॉर्न’बरोबर रॉयल इंडियन नेव्हीची ‘गोदावरी’ही होती, हे मराठी खेळाडूंना कदाचित ठाऊक नसेल. पाण्यात एकदम अनेक बारीक छपछपाट होऊन पुढे काहीच फुटले नाही, तर सुटलो असे मानून थांबू नये. ताबडतोब वळावे.

थंड थराबद्दल थोडक्यात. तापमान बदलते त्या सीमेवर ध्वनी वाकतो आणि क्षीण होतो हे खरे आहे, आणि ‘सायलेंट हंटर 4’मध्ये थर ओलांडल्याची सूचनाही मिळते, परंतु तो प्रशांत महासागराचा आणि अमेरिकन पाणबुड्यांचा खेळ आहे. तेथील अनुभव अटलांटिकवर जसाच्या तसा लादणे चूक आहे, आणि थराखालीही आडवे उभे राहणे शहाणपणाचे नाही. ‘बोल्ड’ या बुडबुडे सोडणाऱ्या डब्याबद्दलही तसेच: कॅल्शियम हायड्राइडचे ते बुडबुडे ठोक्याला खोटा प्रतिध्वनी देतात, पण ते सोडून तुम्ही तिथेच राहिलात तर खऱ्या लक्ष्यावर बाण काढून दिल्यासारखे होते.

“थोड्या वेळाने ती निघून जाते.” एकटी, ताफ्याशी बांधलेली एस्कॉर्ट जाते, कारण ताफा पुढे सरकत असतो. शोधासाठीच मोकळी ठेवलेली सपोर्ट ग्रुपची जहाजे जात नसत. 1944 च्या फेब्रुवारी अखेरीस यू-358 चा पाठलाग अशाच एका गटाने सलग 38 तास केला. त्यात तिने ‘गूल्ड’ हे जहाज बुडवले, पण शेवटी तिला वर यावे लागले आणि ती संपली.

राहिले “खरे यू-बोटवालेही हेच करत.” अनुभवी कप्तान सरपटत्या वेगाने दिशा बदलत राहत, मुळात ते पाण्याखाली सापडण्याची वेळच टाळू पाहत. 17 मार्च 1941 च्या रात्री यू-100 सापडली ती पृष्ठभागावर, ‘व्हॅनॉक’ या ब्रिटिश विनाशिकेच्या रडारवर. समोरची बाजूही डावपेच शिकत होती, तेही खेळातूनच: 1942 पासून लिव्हरपूलच्या डर्बी हाउस या नौदल मुख्यालयात गिल्बर्ट रॉबर्ट्स या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या हाताखालील तरुणी जमिनीवर आखलेल्या समुद्रात जहाजे सरकवून यू-बोटीला कोंडीत पकडण्याच्या चाली तयार करत. पहिल्या महायुद्धात स्वतः पाणबुडी चालवलेले ॲडमिरल मॅक्स हॉर्टन तिथे पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि जॅनेट ओकेल या तरुणीकडून हरले.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी ‘सायलेंट हंटर 3’बरोबर येणाऱ्या मिशन एडिटरमध्ये 1943 सालची एक विनाशिका आणि एक सेव्हन-सी ठेवावी. एकदा 180 मीटरवर आडवे उभे राहून इंजिन बंद ठेवावे, दुसऱ्यांदा त्याच खोलीवर शेपूट तिच्याकडे करून दोन नॉटने सरकावे आणि धाव आली की वर सांगितल्याप्रमाणे निसटावे. हे पुरेशा वेळा करून निकाल वहीत लिहावेत, मग सल्ला पुढे पाठवावा.