मुळाला लागलेली कीड भरता येत नाही? हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. थोडक्यात असं की, हिरडी सरकून दाताच्या मुळाला कीड लागली की फिलिंगचा उपयोग नाही, सहा महिन्यांत पडतं, शेवटी रूट कॅनल नाहीतर दात काढणंच आहे, डॉक्टर स्वस्तातलं सिमेंट भरून पैसे काढतात, त्यापेक्षा मीठ-मोहरीचं तेल चोळा, लवंग तेल लावा, आणि हे सगळं वयामुळंच होतं. माझ्या आईचे खालचे तीन दात असेच भरलेत आणि हे वाचून तिनं पुढची अपॉइंटमेंट रद्द करायला लावली, म्हणून लिहायला बसलोय.

आधी रूट कॅनलचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. मूळ म्हणजे रूट, म्हणून रूटला कीड म्हणजे रूट कॅनल असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. मुळाची कीड बाहेरून, हिरडीच्या कडेला सुरू होते आणि रूट कॅनल लागतं ते कीड दाताच्या आतल्या नसांपर्यंत पोचली तर. त्याआधी पकडली तर साधं फिलिंग होतं, आणि कधीकधी तेही लागत नाही, म्हणजे डाग कडक, गुळगुळीत झाला असेल आणि ब्रश तिथे नीट पोचत असेल तर फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप, लावून नुसतं लक्ष ठेवतात.

फिलिंग पडतं, हे मात्र पूर्ण खोटं नाही. मुळावर एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, नसतं, हिरडीतून ओल येत राहते, रक्त येतं, त्यामुळं कॉम्पोझिट, म्हणजे लाइटनं कडक करतात ते पांढरं मटेरियल, तिथे धरायला अवघड जातं, त्याला जागा एकदम कोरडी लागते. म्हणून तर बरेच डॉक्टर तिथे ग्लास आयोनोमर वापरतात. तेच ते "स्वस्तातलं सिमेंट". १९७० च्या आसपास इंग्लंडमध्ये विल्सन आणि केंट यांनी तयार केलं, काचेची पावडर आणि एक आम्ल मिसळून होतं, दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीनं चिकटतं, थोडी ओल चालते आणि वरून फ्लोराइड सोडत राहतं. दिसायला कॉम्पोझिटइतकं छान नाही आणि झिजतंही लवकर, हे कबूल, पण हिरडीच्या कडेला चावण्याचा जोर कुठे असतो? आईचं एक फिलिंग दोन वर्षांनी निघालं, डॉक्टरांनी त्याच दिवशी परत भरलं, दात जागेवर आहे.

वयाचं म्हणाल तर वय हे कारण नाही, हिरडी सरकल्यामुळं मूळ उघडं पडतं हे कारण आहे. एनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेपाचपर्यंत उतरावा लागतो, मुळाला मात्र सहाच्या वर असतानाच धोका सुरू होतो, म्हणजे जे आम्ल दाताच्या वरच्या भागाला काही करत नाही ते मुळाला खातं. त्यात बीपीच्या, डिप्रेशनच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की आम्ल धुवून जात नाही. डोक्यामानेला रेडिएशन घेतलेल्या पेशंटना तर हे फार झपाट्यानं होतं. तुमच्या घरी कुणी असं असेल तर दातांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवाच.

आता मीठ चोळणं. कृपा करून करू नका. मुळावरचा थर हिरडीजवळ केसापेक्षाही पातळ असतो, खरखरीत काहीही घासलं की तो जातो. आईनं तीस वर्षं मिश्री लावली, तिचे दात त्या कडेला खाचा पडल्यासारखे झिजलेत, आणि मिश्रीत तंबाखू असते ते वेगळंच. लवंग तेलानं ठणका थोडा वेळ कमी होतो, कारण त्यातलं युजेनॉल बधिर करतं, पण कीड आत चालूच राहते, आणि ठणका थांबला म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. शिवाय युजेनॉल राहिलं तर कॉम्पोझिट नीट कडक होत नाही, म्हणून लावलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

आईची अपॉइंटमेंट मी परत घेतलीये, गुरुवारी अकरा वाजता.