वाचनाची फी मागणारा एजंट नकोच
कादंबरी एजंटकडे, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाला विकणाऱ्याकडे, कशी पाठवावी हे लेखात छान सांगितलंय, पण पैशांचा मुद्दा राहून गेला. अमेरिका-ब्रिटनमधला खरा एजंट हस्तलिखित वाचायचे पैसे घेत नाही. पुस्तक विकलं गेलं की लेखकाच्या मिळकतीतले साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०, एवढीच त्याची कमाई. आधीच फी मागितली तर तिथेच थांबा. मराठीत आपण थेट प्रकाशकाकडे जातो, त्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगणारं जवळ कुणी नसतं, याची मला फार काळजी वाटते.

आणि हो, एजंटला पाठवायच्या कादंबरीच्या सारांशात शेवट लपवू नका. कथानक शेवटपर्यंत पेललंय का, हेच एजंटला त्यातून बघायचं असतं. ब्रिटनमध्ये सोबत बहुतेकदा पहिली तीन प्रकरणं मागतात. मधलं आवडतं प्रकरण पाठवू नका.