ब्रॅंडनचा घाट

चैत्रात गावाकडून बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ यायला लागले की मला २०१२ सालची एक संध्याकाळ आठवते. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत मी नवा होतो. कामावरचा निवृत्तीला टेकलेला एक फिटर म्हणाला, "आज स्पीडवेला चल." मला वाटलं मोटारींची शर्यत असेल. शहराबाहेर ब्रॅंडन गावाजवळच्या स्टेडियमवर गेलो तर समोर लाल मातीसारख्या दगडी चुऱ्याची लंबगोल धावपट्टी, आणि चार मोटारसायकली. त्यांना ब्रेक नाहीत. गिअर एकच. इंजिन पाचशे सीसीचं, त्यात पेट्रोलऐवजी मिथेनॉल. वर फीत ताणलेली. ती उडाली की चौघं एकदम सुटतात, चार फेऱ्या, फक्त डावीकडे वळत. वळणावर डाव्या बुटाला बांधलेली लोखंडी पट्टी जमिनीला टेकवून गाडी आडवी घसरवायची. मिनिटभरात खेळ खलास. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. मग पुढची हीट. अशा पंधरा.

माझं गाव खेड तालुक्यातलं. पहिल्या हीटलाच मनात आलं, अरे, हा तर घाट, आमची बैलगाडा शर्यतीची चढाची धावपट्टी! तीच धूळ, तेच काही सेकंदांसाठी तासन्‌तास उभं राहणं. आमच्याकडे गाडा अकरा-बारा सेकंदांत घाट चढतो आणि निवेदक "भिर्रर्र... झाली!" म्हणून ओरडतो. इथे निवेदक ओरडत नाही, तो हळू आवाजात वेळ सांगतो. आणि मग मला जे दिसलं ते आमच्या घाटात कधीच दिसलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी, आजोबांपासून दहा वर्षांच्या पोरीपर्यंत, मांडीवरचा छापील कार्यक्रम उघडला, पेन काढलं आणि निकाल लिहिला. कोण पहिला, कोण पडला, कोणाला बाद केलं, वेळ किती. प्रत्येक हीटनंतर तेच. माझ्या फिटरसाहेबांच्या घरी असे कार्यक्रम खोकी भरभरून आहेत, सगळे स्वतःच्या हातानं भरलेले.

त्या ब्रॅंडनवर शेवटची शर्यत २०१६ साली झाली. तिथे स्पीडवे १९२८ पासून होता. कोव्हेंट्री बीज हा संघ १९४८ पासून, काळा-पिवळा, छातीवर मधमाशी. २००५, २००७ आणि २०१० साली देशाचे विजेते. त्यानंतर सहा वर्षांत दाराला कुलूप. जागेच्या मालकांना तिथे घरं बांधायची होती. पुढे तिथे आगी लागल्या, चोरांनी नेण्यासारखं होतं ते नेलं. जागा रग्बी या गावाच्या कौन्सिलच्या हद्दीत येते. कौन्सिलनं २०२२ मध्ये घरांचा अर्ज फेटाळला, मालक अपिलात गेले, जाहीर सुनावणी झाली, तिथेही ते हरले. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं वर्गण्या काढून, कागद गोळा करून हा लढा दिला. इथल्या नियोजनाच्या धोरणात एक साधी अट आहे: खेळाची ती जागा आता गरजेची उरलेली नाही हे सिद्ध करा किंवा तेवढीच चांगली दुसरी द्या, मगच बांधा. त्या अटीवर ब्रॅंडन तगलं. तगलं म्हणजे काय, तर घरं झाली नाहीत. शर्यतही झाली नाही.

इथे इंग्रजांचं कौतुक करायला बसलेलो नाही. उलट स्पीडवेचा इतिहास वाचला की जमीन हातची घालवण्यात हे लोक आपल्याही चार पावलं पुढे होते असं वाटतं.

हा खेळ ब्रिटनमध्ये बाहेरून आला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंडला १९२३ साली जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडच्या माणसानं शेतीप्रदर्शनाच्या मैदानावर अशा शर्यती भरवल्या, तिथून त्याची सुरुवात मानतात. ब्रिटनमध्ये मान लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलातल्या हाय बीचला, १९ फेब्रुवारी १९२८. किंग्ज ओक नावाच्या पबमागे. आयोजकांना वाटलं होतं त्याच्या कैक पट माणूस लोटला. आकडे १५ हजारांपासून ३० हजारांपर्यंत सांगतात, आणि लोक धावपट्टीच्या आतल्या बाजूलाही उभे होते. (पुण्याकडच्या वाचकाला हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही.) आता कॅम्बर्ली आणि मॅंचेस्टरजवळचं ड्रॉइल्सडन म्हणतात, आमच्याकडे १९२७ मध्येच झाली होती. त्यावर उत्तर तयार असतं: कॅम्बर्लीला गाड्या उलट्या दिशेनं, घड्याळाच्या काट्याबरोबर फिरल्या, ती धरता येत नाही. पहिल्या मानाचा हा वाद अजून मिटलेला नाही. पालखीपुढे कुणाचा गाडा आधी, यावरून आमच्या गावात दोन भावकी तीस वर्षं बोलत नव्हत्या, त्यामुळे मला हे वाचताना फार घरच्यासारखं वाटलं.

१९२८ च्या त्या एका वर्षात देशभर धावपट्ट्या उगवल्या. वेम्ब्लीवर १९३६ साली पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागनं जिंकलं. महायुद्धानंतर गर्दीचा कळस झाला. मग टीव्ही आला, करमणूक कर होताच, आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत वेम्ब्लीच्या लायन्स संघानंही गाशा गुंडाळला.

पण खरी मेख मला वेगळीच वाटते. स्पीडवे जवळजवळ सगळीकडे भाडेकरू होता. स्टेडियम कुत्र्यांच्या शर्यतींचं, म्हणजे ग्रेहाउंडचं. आठवड्यातली एखादी रात्र मोटारसायकलवाल्यांना. ग्रेहाउंडचा धंदा चालायचा जुगारावर, कारण पैसे लावायला लोकांना मैदानावरच यावं लागे. १९६० च्या कायद्यानं रस्त्यावर सट्ट्याच्या पेढ्या उघडायला परवानगी दिली. लोक कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे लावू लागले, ग्रेहाउंडची स्टॅंडं ओस पडली, आणि मालकाला कळलं की खाली जी जमीन आहे ती वर चाललेल्या शर्यतीपेक्षा महाग आहे. घरमालक बुडाला की भाडेकरू रस्त्यावर. लंडनचंच बघा. कस्टम हाउस १९७२ मध्ये पाडलं, व्हाइट सिटी १९८५ मध्ये. हॅक्नीच्या जागेवर २०१२ च्या ऑलिम्पिकचं प्रसारणकेंद्र उभं राहिलं. विम्बल्डनच्या प्लाउ लेनवर आता फुटबॉलचं मैदान आहे. ज्या शहरानं हा खेळ मोठा केला तिथे एकही धावपट्टी उरली नाही. वुल्व्हरहॅम्प्टनला २०२३ मध्ये कुत्रे राहिले, मोटारसायकली गेल्या. एकच उलटं उदाहरण मनाला बरं वाटतं: मॅंचेस्टरच्या बेल व्ह्यू संघानं हाइड रोडची जुनी धावपट्टी १९८७ मध्ये गमावली, पण २०१६ साली मॅंचेस्टरमध्येच खास स्पीडवेसाठी नवं राष्ट्रीय स्टेडियम बांधून झालं.

जमीन गेली, कागद मात्र राहिला. हाय बीचच्या पबमागे जुन्या धावपट्टीच्या खुणा अजून आहेत आणि फेब्रुवारीत जुनी मंडळी तिथे जमतात. हर्टफर्डशरमध्ये ब्रॉक्सबर्नच्या प्राणिसंग्रहालयात स्पीडवेचं संग्रहालय उभारलं गेलं (बेल व्ह्यूची जुनी धावपट्टीही प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात होती, या खेळाला वाघसिंहांचा शेजार का लाभतो कोण जाणे). आणि हौशी माणसांनी, पगार नाही, पद नाही, १९२८ पासूनच्या एकेका सामन्याचे, एकेका हीटचे निकाल वर्तमानपत्रांतून आणि त्या पेनानं भरलेल्या कार्यक्रमांतून जुळवून काढले. टॉटनहॅमच्या जे. ए. प्रेस्टविचचं जॅप इंजिन किती वर्षं सगळ्यांच्या गाडीत होतं आणि साठच्या दशकात चेक इंजिनांनी त्याला कसं हटवलं, हे मला कुठल्याही टपरीवर ऐकायला मिळतं. पीटर क्रेव्हन, १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता, १९६३ मध्ये एडिंबरोच्या धावपट्टीवर पडून गेला, तीही नोंद आहे. फे टेलर नावाची आयरिश बाई पुरुषांना हरवायची, आणि १९३० मध्ये बायकांना बंदी घातली, तेही लपवलेलं नाही. कागद असला की लाजही जपली जाते, हा त्याचा मोठा उपयोग.

आता आपल्याकडचं. २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बैल आले, २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला. या काळात मी इथून गावच्या व्हॉट्सअॅप गटावर भांडलो आहे, दोन्ही बाजूंनी. शेपटी पिरगाळणं, पराणी टोचणं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे "आमचा बैल आम्हाला पोरासारखा" हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. आणि मुंबई-पुण्यातले मित्र "रानटी खेळ" म्हणाले की तेही सोसत नाही, कारण गाडामालक त्या बैलाला काय खाऊ घालतो आणि स्वतः काय खातो हेही मी पाहिलं आहे.

पण माझ्या मनात अडकून बसलीय ती निकालातली वेगळी ओळ. हा खेळ सांस्कृतिक वारसा आहे की नाही, हे ठरवणं आमचं नव्हे, विधिमंडळाचं काम, असं न्यायालय म्हणालं. विधिमंडळानं ठरवलं, आपण गुलाल उधळला. ठीक. पण उद्या कुणी खेडला येऊन विचारलं की दाखवा तुमचा वारसा, तर दाखवायचं काय? १९८५ साली आमच्या घाटाचा राजा कोण झाला? बारी, म्हणजे गाड्याची धाव, किती सेकंदांची? जुपणी, म्हणजे बैल जुंपण्याचं काम, कोणाची होती, गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीवर कोण होतं? वारसा म्हणून कोर्टात हात वर करणाऱ्यांपैकी किती गावांकडे एक वही आहे?

जमिनीचंही तेच. आज घाट आहेत म्हणून आपण निश्चिंत आहोत. चाकणच्या एमआयडीसीनं आमच्या तालुक्यात एकराचा भाव कुठे नेऊन ठेवला हे मी सांगायला नको. मी स्वतः मोटारींच्या धंद्यातच भाकरी खातो. कित्येक घाट गायरानावर किंवा देवस्थानच्या जमिनीवर आहेत, म्हणजे शर्यत तिथेही भाडेकरूच. महालक्ष्मी रेसकोर्सवर केवढा गदारोळ झाला! २११ एकरांपैकी १२० पालिकेच्या उद्यानाला आणि उरलेली ९१ टर्फ क्लबला, असा तोडगा २०२४ मध्ये निघाला, कारण तिथे बोलायला मोठे लोक होते, भाडेपट्ट्याचे कागद होते, १८८३ पासूनचा इतिहास छापलेला होता. आमच्या घाटाच्या बाजूनं उभं राहायला कोण आहे? भाषण करायला पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर "शर्यतीचा घाट" अशी नोंद करून घ्यायला कुणाला सवड नाही, आणि विकास आराखड्यातलं आरक्षण उठतं तेव्हा आवाज होत नाही.

यावर माझा फिटर मित्र मला खडसावतो, आणि तो चुकीचा नाही. तो म्हणतो, तुमच्याकडे गर्दीत वीस वर्षांची पोरं असतात. आमच्या स्टॅंडमध्ये माझ्याहून लहान माणूस शोधावा लागतो. ताय वॉफिंडेननं २०१३, २०१५ आणि २०१८ ला जगज्जेतेपद आणलं तरी इथल्या शेजाऱ्याला त्याचं नाव माहीत नाही. आम्ही लिहीत बसलो, म्हणतो, आणि खेळ तिकडे पोलंडला गेला. एका परीनं हे सगळं टिपण मयताच्या घरची यादी असल्यासारखंच आहे. मला त्यावर नीट उत्तर देता आलेलं नाही. एवढंच म्हणालो की ब्रॅंडनच्या सुनावणीत तुम्ही जे पुठ्ठ्याचे खोके घेऊन गेलात, तसं खोकं आमच्याकडे एकही नाही.

मागच्या यात्रेला सुट्टी काढून गेलो होतो. जाताना चुलतभावासाठी एक जाड रजिस्टर नेलं, रेघा मारून, रकाने पाडून: गाडामालक, बैलांची नावं, घोडीस्वार, वेळ. दादानं ते उलटून पाहिलं आणि हसला.

"लिहून काय करायचं रे? समद्यांच्या मोबाइलात हाय की."

"बंदीच्या आधीच्या शेवटच्या यात्रेला पहिली कुणाची आली होती?"

"आपल्याच आळीची. नाय... थांब." त्यानं पारावरच्या दोघांना हाक मारली. एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. तिसरा म्हणाला, त्या वर्षी पाऊस पडला होता, शर्यतच झाली नव्हती. तिघांची जुंपली ती चहा संपेपर्यंत. रजिस्टर दादाच्या मांडीवर होतं. उठताना त्यानं ते काखेत मारलं, आणि घाटाकडे जाताना माझ्याकडे हात करून म्हणाला, "पेन दे."