गोळ्या फुकट आहेत, मग गावात कार्यकर्ते कशाला?

सध्या एक मेसेज गटागटांतून फिरतोय. म्हणे एचआयव्ही आता शहरांपुरता आणि हायवेपुरता उरलाय, गोळ्या सरकार फुकट देतं, ज्याला गरज आहे तो जाईल. गावोगाव कार्यकर्ते फिरवणं म्हणजे पैशाची नासाडी. त्यापेक्षा बाधितांची यादी ग्रामपंचायतीत लावा.

गोळ्या फुकट, हे खरं. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली आणि 2017 पासून सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. मेसेजवाल्याचा हिशेब इथंच संपतो. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी. बाईला एसटीत अर्धं तिकीट असलं तरी दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर सासूला दर वेळी नवं कारण सांगायचं. मी पाहिलेल्या एका ताईंनी बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलं होतं. आत कापसाचा बोळा. गोळ्या खुळखुळल्या तर जाऊ विचारेल ना, कसल्या म्हणून! अशा बाईच्या एखाद्या महिन्याच्या गोळ्या चुकल्या आणि केंद्रातून फोन आला, तर तो घरात कोण उचलेल? तिच्या दारात जाऊ शकते ती बचत गटाच्या वहीचं निमित्त काढून येणारी कार्यकर्तीच.

गोळ्या चुकल्या तर बिघडतं ते एकटीचं नाही. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा होतो, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही. खंड पडला की तो पुन्हा वाढतो, कधी औषधालाही दाद देत नाही. गरोदर बाईला काहीच उपचार मिळाले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. वेळेवर मिळाले तर 5 टक्क्यांच्या खाली.

आणि शहरापुरता म्हणजे काय? बीडकडची ऊसतोड टोळी पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात राहते. गोळ्या तात्पुरत्या दुसऱ्या केंद्रावर घेता येतात, पण हे टोळीच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, जाऊन सांगायचं कुणी? सांगलीत संग्राम संस्थेनं 1992 पासून कंडोम वाटण्याचं आणि समजावण्याचं काम वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती दिलं. त्यातून पुढे त्या बायकांचीच संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. बाहेरून आलेल्या साहेबाला त्या गल्लीत कुणी खरं बोललं असतं का?

यादीबद्दल फार लिहायची गरज नाही. एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि कुणाची स्थिती अशी चव्हाट्यावर मांडता येत नाही. शिवाय यादी लागल्यावर चाचणीला फिरकेल कोण?

एक आक्षेप मात्र मेसेजवाल्याला सुचायला हवा होता. कार्यकर्ती त्याच वाडीतली, त्याच भावकीतली असली तर गोष्ट फुटते. मग लोक दार लावून घेतात. म्हणून शेजारच्या गावातली बाई बरी पडते, आणि तिलाही शिकावं लागतं. त्या ताईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, लाल फितीची, म्हणजे एड्सची खूण असलेली पिशवी घेऊन माझ्याकडे यायचं नाही. तेव्हापासून कार्यकर्ती कागद भाजीच्या पिशवीत आणते, वर मेथीची जुडी.